पाण्याची ओळ

अमरावती
९ जून २०२५

प्रति,
कु. रश्मी देवराव सिरसाट,
अकोला

स. न. वि. वि.

तुमचा पत्ता रोहितकडून घेतला. तुमच्याच तुकडीतला, आता अंजनगावकडच्या केंद्रावर आहे. पत्ता देताना त्याने दोनदा विचारलं, "सर, कशाले पायजे?" मी सांगितलं, कामासाठी. काम असं आहे.

प्राथमिक आरोग्य केंद्रांवरच्या कंत्राटी आहारतज्ज्ञांची नवी यादी परवा फलकावर लागली. तुमचं नाव चौदाव्या क्रमांकावर आहे आणि त्यापुढे 'अपात्र' लिहिलं आहे. कारणाच्या रकान्यात 'प्रशिक्षण मूल्यमापन' असे दोनच शब्द आहेत. ते मूल्यमापन माझं. मार्चमध्ये तुमचा जुना करार वाढला नाही, तोही त्याच शेऱ्यामुळे, असं रोहित म्हणतो. सध्या तुम्ही अकोल्यात एका जिमच्या काउंटरवर बसून प्रोटीनचे डबे विकता असंही तो म्हणाला. हे ऐकून मला बरं वाटलं नाही.

हरकत नोंदवायची शेवटची तारीख ३० जून आहे. शेरा लिहिणाऱ्यानेच तो बदलावा अशी विनंती केली तर तो बदलतो, मी नियम वाचला आहे. तुम्ही एवढंच करावं: क्षेत्रभेटीच्या दिवशी प्रशिक्षकाला सर्वांसमोर अडवलं याबद्दल दिलगिरीच्या दोन ओळी लिहून पाठवाव्यात. बाकीचं मी पाहतो.

ही अट मी मानापमानासाठी घालत नाही. तुमच्याजवळ पदव्युत्तर पदवी आहे. मी बारावी नापास. १९९१ साली दवाखान्याच्या स्वयंपाकघरात भांडी घासायला लागलो. आहाराचे तक्ते रद्दीत सापडले, ते पाठ केले. इंग्रजी शब्दकोश पुढ्यात ठेवून चार वर्षांत तीन जाड पुस्तकं वाचली. मग शिकलेल्या मॅडम लोक मला विचारू लागल्या, "ढोकणे, एक भाकर म्हणजे किती ग्रॅम?" तेव्हा मी मोझरीपासून चांदूरपर्यंत एकतीस घरांत तराजू घेऊन गेलो. ज्वारीची भाकर सत्तर ग्रॅमपासून एकशे पंचावन्न ग्रॅमपर्यंत भरते, हे कोणत्याही छापील पुस्तकात मला मिळालं नव्हतं. माझ्या अठ्ठेचाळीस पानी पुस्तिकेत आहे. त्या पुस्तिकेवर अकरा तुकड्या शिकून गेल्या. साधन व्यक्ती, म्हणजे बाहेरचा प्रशिक्षक म्हणून प्रशिक्षण केंद्र मला बोलावतं ते त्या जोरावर. तिथे शिस्त राहिली नाही तर काही राहत नाही.

आणखी एक. क्षेत्रभेटीत मी त्या घरी पाणी नाकारलं असं तुम्ही बाहेर बोललात, असं कानावर आलं. २००३ साली कावीळ झाल्यापासून मी बाहेरचं पाणी कुठेच पीत नाही. राजवाड्यात गेलो तरी बाटली माझीच असेल. गैरसमज नसावा.

आपला,
गो. खु. ढोकणे


अमरावती
१७ जून २०२५

रश्मी मॅडम,

शनिवारी अकोल्याच्या एसटीच्या कंडक्टरने फोन केला. "तुमचं पार्सल हाय. पानी हाय म्हनते बाई. सांडलं तं मी जबाबदार नाही." डेपोत जाऊन घेतलं. लिटरभराची बाटली, बुचाला चिकटपट्टी, आणि वर तुमच्या अक्षरात: 'सुकळी. पार्बताबाईच्या अंगणातला हापसा. १३ जून, सकाळ.' मी दिलगिरीच्या दोन ओळी मागितल्या होत्या. पिशवी उलटी करून पाहिली. चिठ्ठी नव्हती.

खरं सांगतो, पहिल्यांदा राग आला. हा काय चावटपणा, म्हटलं. बाटली दोन दिवस खिडकीत ठेवली. येता-जाता दिसत होती.

काल प्रयोग केला. एकाच पुड्यातली तुरीची डाळ, दोन पातेली, प्रत्येकी शंभर ग्रॅम. एकात आमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात तुमचं. आच सारखी. आमची डाळ अडतीस मिनिटांत मऊ झाली. तुमची एक तास पन्नास मिनिटांनीही बोटाखाली करकरत होती. मग अर्धा चमचा खायचा सोडा टाकला. नऊ मिनिटांत लगदा.

आमच्या घरच्या, म्हणजे सुभद्रा, ओट्याला टेकून हे सगळं पाहत होत्या. म्हणाल्या, "सिलेंडर संपवून राहिले तुमी. मले इचारलं असतं तं फुकटात सांगतलं असतं. माही मावशी दहीहंड्याकडलीच, तिकडं बी असंच खारं पानी. सोड्याबिगर तिच्या घरी वरन शिजलंच नाही कधी."

मी म्हटलं, "मग इतक्या वर्षांत सांगितलं काहून नाही?"

"तुमी भाकरी मोजाले गेलते ना? मले वाटलं, पानी बी मोजलं असन."

पाण्याचा नमुना तपासायला दिला होता, त्याचा कागद आज आला. सोडियम लिटरला चारशे वीस मिलिग्रॅम. माणूस दिवसाला तीन लिटर पितो असं धरलं, तर ताटात मिठाचा कण न पडता सव्वातीन ग्रॅम मिठाएवढं पोटात जातं. रक्तदाबाच्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमची मुभा. वर वरणातला सोडा, तोही सोडियमच. म्हणजे पथ्य पाळणारी बाई पथ्य पाळूनही सुजते.

वर्गात पहिल्या दिवशी तुम्ही हेच म्हणाला होता. मला तुमचं वाक्य आठवतं. "सर, नोंदीच्या तक्त्यात भाकर, भाजी, वरण, ताक, चहा, सगळ्याची ओळ आहे. पाण्याची ओळ नाही. आमच्या खारपाणपट्ट्यात तीच पहिली पाहिजे." मी म्हटलं होतं, "पाण्यात कॅलरी नसते, मॅडम." वर्ग हसला होता.

तुमचा मुद्दा बरोबर होता, हे मी आता मान्य करतो. माझी एकतीसही घरं गोड्या पाण्याची निघाली. तेव्हा मला हे माहीत नव्हतं. अपुऱ्या माहितीवर शेरा लिहिला गेला, असं पत्र मी कार्यालयाला देईन. दिलगिरीची अट मागे घेतो.

आपला,
गोपाल ढोकणे


अमरावती
२४ जून २०२५

रश्मीताई,

तुमचं पोस्टकार्ड मिळालं. एकच ओळ: 'सर, त्या दिवशी तुम्ही हात कुठे धुतले होते?'

म्हणजे तुम्ही पाहिलं होतं.

चार दिवस मी या कार्डाला उत्तर तयार करत होतो. तीन उत्तरं लिहिली, तिन्ही चांगली होती. फाडली. आता सगळं जसं झालं तसं लिहितो. कमी-जास्त असेल तर तुम्ही दुरुस्त करा.

१८ जुलै २०२४, गुरुवार, सकाळचे अकरा वीस. तुमच्या केंद्राच्या हद्दीतलं सुकळी. तुम्ही सात प्रशिक्षणार्थी, आठवा मी. पार्बताबाईचं घर तुम्हीच निवडलं होतं, तुमची जुनी रुग्ण म्हणून. बाई बासष्टीची, रक्तदाब, दोन्ही पायांवर सूज. आम्ही उंबऱ्यात असतानाच ती सुनेला म्हणाली, "मैना, पानी आन वं लोकायले. उन्हातून आले." सून मैनाबाई घासूनपुसून लख्ख केलेले स्टीलचे गिलास ताटात घेऊन आली. तुम्ही सातही जण प्यायलात. मी हात आडवा केला आणि माझी बाटली खाटेवर ठेवली. पार्बताबाईने बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि ताट मागे घ्यायची सुनेला खूण केली.

कावीळ खरी आहे. पण २००३ नंतर मी बाहेर पाणी प्यायलोच नाही हे खरं नाही. चांदूरच्या जानराव पाटलाच्या घरी दोन गिलास प्यायलो, मोझरीला प्यायलो. पहिल्या पत्रातलं ते राजवाड्याचं वाक्य वाचायला बरं वाटत होतं म्हणून लिहिलं. सुकळीत, त्या वस्तीत, त्या घरात माझा हात आपसूक आडवा झाला. काहून झाला ते मला समजतं आणि तुम्हाला तर समजतंच. त्यावर अधिक काही लिहिलं तर ती पुन्हा सफाई होईल.

मग मी नोंद घ्यायला बसलो. काल रात्री काय खाल्लं? "भाकर अन् वरन." मीठ? "मीठ कायचं, बापा! या पोरीनं सांगतलं तवापासून टाकतच नाही. तोंडाची चव गेली पार." मी विचारलं, मग पायावर सूज कशी? ती म्हणाली, "ते तुमी सांगा ना. शिकेल तुमी आहा, मी थोडीच आहो." तुम्ही सगळे हसलात. मला ते झोंबलं. शिकेल, हा शब्द मला नेहमी झोंबतो.

मी मिठाचा डबा मागितला. तराजू काढला. किलोचा पुडा आठ दिवसांपूर्वी फोडलेला, शिल्लक सहाशे दहा ग्रॅम. घरात चार माणसं. भागाकार मी तोंडी केला आणि उभा राहून वर्गात म्हणतो ते वाक्य म्हटलं: "रुग्ण खोटं बोलतो, डबा खोटं बोलत नाही. माणशी बारा ग्रॅम! लिहून घ्या."

पार्बताबाई म्हणाली, "अवो सायेब, लोनचं घातलं ना. लेकीच्या घरी धाडलं, मूर्तिजापूरले."

मी म्हटलं, "आता लोणच्यावर ढकला."

सून सासूकडे पाहायला लागली. त्या घरात सुनेसमोर सासूला खोटारडी मी ठरवली. आणि तुम्ही, मागच्या बाजूने, अगदी शांतपणे म्हणालात, "सर, आधी पाणी चाखा."

"मला इथे पाणी चाखायला बोलावलंय का?"

"एक घोट, सर."

"तुमच्याकडे काय चालतं ते मला शिकवू नका. मी एकतीस घरं मोजलीत."

'तुमच्याकडे' म्हणजे गाव, असं मी स्वतःला अकरा महिने सांगत आलो. पण तो शब्द ऐकून दोघी-तिघी तुमच्याकडे कशा बघायला लागल्या, ते मी पाहिलं होतं. शब्द दुरुस्त करायला तेव्हा एक क्षण होता. मी तो तराजूची पिशवी बांधण्यात घालवला.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. बोटांना मीठ लागलं होतं. अंगणात हापशाजवळ मैनाबाईने लोट्याने माझ्या हातावर पाणी टाकलं. हात धुतले, ओंजळभर तोंडावर मारलं. पाणी ओठांवर आलं. खारट. मी जीभ फिरवली, पुन्हा खारट. तुम्ही दारात उभ्या होतात. मला वाटलं तुम्ही जीपकडे बघत आहात.

बोटाला मीठ होतं, त्याची चव असेल, असं मी मनात म्हटलं. ज्याने आयुष्यभर अर्ध्या ग्रॅमचा फरक सोडला नाही त्याने हे म्हटलं. मिठाने भरलेलं बोट आणि खारं पाणी यांच्या चवीत किती फरक असतो ते मला समजत नाही असं नाही. खाऱ्या पाण्याला मागून एक कडवट चव असते. ती मला हिंगणा फाट्यापर्यंत जीपमध्ये जाणवत होती. मी माझ्या बाटलीतून तीनदा चूळ भरली.

त्याच दिवशी दुपारी चारला केंद्रावर बसून तुमच्या पत्रकावर मी लिहिलं: 'सूचनांचे पालन करीत नाही. समुपदेशनास अयोग्य.' तेव्हा मला माहीत होतं. मागच्या पत्रात 'माहीत नव्हतं' लिहिलं, ते खोटं.

मॅडम लोकांच्या प्रत्येक तुकडीत कोणीतरी विचारतंच, "सर, तुमचं क्वालिफिकेशन?" तुम्ही सहा दिवसांत एकदाही विचारलं नाही. तरी मी सहाही दिवस तुम्हालाच त्याचं उत्तर देत होतो.

पार्बताबाईचं पुढे काय झालं ते मी काल रोहितकडून काढून घेतलं. क्षेत्रभेटीचा माझा अहवाल केंद्राच्या फाइलला लागला. त्यावरून तिच्या कार्डावर 'पथ्य पाळत नाही' आलं. सुनेने मिठाचा डबा कुलपात ठेवला. शेजारणी हसल्या. बाई तपासणीला यायची बंद झाली, गोळ्या बंद झाल्या, आणि फेब्रुवारीत दम लागून आठ दिवस अकोल्याला भरती. तुम्ही रोज डबा घेऊन जात होता म्हणे. जिवंत आहे, एवढं तो म्हणाला.

ती घरी परतल्यावर तुम्ही तिला सोड्याऐवजी डाळ सकाळीच भिजवून ठेवायला आणि प्यायला तेवढं जारचं गोडं पाणी आणायला शिकवलंत. पुस्तिकेच्या अठ्ठेचाळीस पानांत त्याचं एक अक्षर नाही.

२७ तारखेला कार्यालयात जातो. तुम्ही यायची गरज नाही. तुम्हाला तिथे पुन्हा उभं करायची माझी इच्छा नाही.

गोपाल ढोकणे


अमरावती
५ जुलै २०२५

रश्मीताई,

अंतिम यादी तुम्ही पाहिली असेलच. तरी लिहितो: क्रमांक चौदा, सिरसाट रश्मी देवराव, पात्र. कारणाचा रकाना कोरा. मी तो फलकाजवळ जाऊन चष्मा लावून पाहिला, मग चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

२७ तारखेला काय झालं ते तुम्हाला दुसऱ्याकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं. माझा अर्ज पाऊण पानाचा होता. साहेबांनी वाचला आणि एका ओळीवर पेन्सिल ठेवली. "ढोकणे, हे काय लिहून ठेवलं? 'पाणी खारे असल्याचे माहीत असूनही प्रतिकूल शेरा दिला.' माहीत नव्हतं लिहा ना! तेवढ्यानंच काम होते. पोरीचं नाव लागते, तुमचंही राहते."

मी म्हटलं, "माहीत होतं, साहेब."

"मग प्रशिक्षण केंद्रावर नाही बोलावता येणार पुढच्या वेळी. समजून राहिले ना? बारावी नापास माणसाले आमी कोनत्या भरवशावर बोलावत होतो? तुमच्या बारीक कामाच्या."

त्यांनी खोडरबर माझ्याकडे सरकवला. अर्ज शाईचा होता, खोडरबर कशाला ते मला कळलं नाही. सवयीने सरकवला असेल. तुम्हाला खोटं कशाला सांगू, मी तो हातात घेतला होता. कोरा कागदही मागितला होता. 'अपुऱ्या माहितीमुळे' एवढं लिहूनही झालं. मग पेन थांबलं. त्या शब्दांनी तुमचं नाव लागलं असतं. पण उद्या दुसऱ्या कोण्या पार्बताबाईच्या घरी दुसरा कोणी माझीच पुस्तिका उघडून डबा मोजेल आणि म्हणेल, ढोकणे सरांना फक्त माहीत नव्हतं. जुना अर्जच दिला. पोच घेतली. शिक्का जरा पुसट आहे, पण वाचता येतो. प्रत सोबत जोडली आहे, तुमच्याजवळ असावी.

पुढच्या तुकडीच्या कार्यक्रमपत्रिकेत माझं नाव नाही. घरी तराजू आहे, त्यावर सुभद्रा आता शेंगदाणे मोजतात.

काल सुकळीला जाऊन आलो. बडनेऱ्याहून गाडी, अकोल्याहून एसटी. तुमच्या केंद्राकडे फिरकलो नाही. पार्बताबाई ओट्यावर मेथी निवडत होती. पायांवरची सूज बरीच उतरलेली दिसली. मला लगेच ओळखलं.

"कोन, डबेवाले सायेब? या. आज कुलूप हाय डब्याले, चावी सुनेजवळ."

मी उभ्यानेच सांगितलं, आजी, मी चुकलो होतो, मीठ तुमचं नव्हतं, पाण्याचं होतं, आणि तुम्ही खरं बोलत होता. मैनाबाईला बाहेर बोलवा म्हटलं, कारण खोटारडी तिच्यासमोर ठरवली होती. मैनाबाई आली. तिच्यासमोर पुन्हा सांगितलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली आणि मग आत निघून गेली. मला वाटलं रागाने गेली. आतून कुलूप काढल्याचा आवाज आला आणि डबा फळीवर ठेवल्याचा.

पार्बताबाई मेथीची काडी मोडत म्हणाली, "मले तं ठावं होतं का मी खरी आहो. तुमाले समजाले सालभर लागलं. अन् त्या पोरीची नवकरी?"

लागली, म्हटलं.

"मंग बसा."

मी बसलो. ऊन होतं, घसा कोरडा पडला होता. माझ्याजवळ बाटली नव्हती; घरूनच आणली नव्हती. ती काहीच विचारेना. त्या घरात मला पाणी विचारायचं नाही, हे ती मागच्या वर्षी शिकली होती, आणि शिकवणारा मी होतो. शेवटी मीच म्हटलं, "आजी, पाणी मिळेल का?"

तिने निवडणं थांबवलं. माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं.

"बाटली इसरले काय आज?"

"नाही. आणली नाही."

"पोरगी जारचं पानी पेवाले लावते आमाले. तुमाले कोनतं देऊ? जारचं का हापशाचं?"

मी म्हटलं, हापशाचं.

तुमच्या केंद्रावरच्या रुग्णांसाठी नोंदीचा तक्ता तुम्ही करालच. माझ्या जुन्या तक्त्याचा एक कागद सोबत पाठवतो. सगळ्यात वर पेनाने एक ओळ आखली आहे, आणि ती माझीच नोंद आहे, ४ जुलैची: पाणी, सुकळी, पार्बताबाईच्या घरचं, एक गिलास. मिलिलिटरचा रकाना रिकामा दिसेल. गिलास मापला नाही.

गोपाल ढोकणे